गाऱ्हाण्याशिवाय गाडी सुटत नाही

आप्पा परब गाडीला गाऱ्हाणं घालतात. देवाला घालतात तसंच, हात जोडून, डोळे मिटून, मालवणीत. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची, ही त्यांच्या गावची पद्धत. फक्त आप्पांच्या गाऱ्हाण्यात नवस नसतो, गॅसचा नळ असतो.

गाडी म्हणजे शाळेची भंगारात निघालेली बस. आप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, निवृत्त झाले आणि ही घेऊन आले. आत बिछाने केले, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली. दहिसरला आमच्या सोसायटीच्या गेटाशी ती उभी असते. तिच्यावरून सेक्रेटरी दर मीटिंगला भांडतात आणि दर हिवाळ्यात बायकोमुलांना घेऊन तिच्यातूनच फिरून येतात.

मी आप्पांची शेजारीण. माझे मिस्टर गेले त्या वर्षी वहिनींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, दारात उभं राहून सांगितलं, “टीचर, दोन कपडे भरा. केळव्याला चाललोय.” विचारलं नाही, सांगितलं. तेव्हापासून तिथल्या सुरूच्या बनातल्या कॅम्पवर मी दरवेळी जाते. माझ्यावर कुणी केलेले उपकार मोजायला बसले, तर पहिला हाच आठवतो.

कॅम्पवरून निघायची सकाळ म्हणजे आप्पांचा मोठा सण. ताडपत्री झटकून गुंडाळायची, सांडपाणी खड्ड्यात सोडायचं, विजेची वायर काढायची, चाकांखालचे ठोकळे उचलायचे. मग गाडी उभी होती तेवढी जमीन आप्पा स्वतः झाडतात. “जाग्यान आमका पोटात घेतल्यान. घाण करून जाव काय?” असं म्हणतात. मग आम्ही सगळे गाडीत बसलो की दारात उभं राहून सुरू होतात.

“बा म्हाराजा, गॅसचो नळ बंद केललो आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“टाकयेचा झाकण लावलला आसा!”

“व्हय म्हाराजा!”

आमच्या घरात बुद्धवंदना. गाऱ्हाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा मी विचारलं, “आप्पा, यातला म्हाराजा कोण?”

“तुका कोण होयो?” आप्पा म्हणाले. “गाडयेक म्हण. पण म्हण.”

मी म्हणायला लागले. पण या साथीचा एक घोटाळा आहे. एकदा सूर लागला की पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ जातं. गेल्या हिवाळ्यात आप्पांनी विचारलं, “सगळी माणसा बसलली आसत?” वहिनी, मुलगा मंगेश आणि सून दणक्यात म्हणाले, “व्हय म्हाराजा!” आणि बस गेली. मी कॅम्पवाल्याचा पाण्याचा पाइप परत द्यायला गेले होते.

परत आले तर समोर स्वच्छ झाडलेली जमीन. मोबाइल गाडीत चार्जिंगला. आधी हसू आलं. मग तिथेच सुरूखाली बसले आणि रडले. मिस्टर गेल्यापासून घरी तरी काय वेगळं होतं? मी आले काय, राहिले काय, विचारणारं कोण?

तेवढ्यात लांबून हॉर्न ऐकू आला. थांबतच नव्हता. मोठा रस्ता लागल्यावर वहिनींनी नेहमीप्रमाणे आवळासुपारी वाटली आणि माझा हात पुढे आला नाही, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. बस परत आली, आप्पा उतरले. डोळे भरलेले. मग म्हणाले, “माका माफ कर गो.”

“आप्पा, वेड लागलंय का? अर्धा तास झाला फक्त!”

त्यांनी मला हाताला धरून गाडीत बसवलं. वाटेत वहिनींनी मला हळूच सांगितलं. आप्पा लहान असताना घरचे सगळे मुंबईला निघाले. आप्पा न्हाणीघरात पाय धूत होते. बाहेर आले तर एसटी सुटलेली. गावीच राहणाऱ्या चुलत्याने सांगितलं, तुला मागाहून नेणार आहेत. त्याला काही वर्षं लागली. “म्हणून हे सगळं सोंग,” वहिनी म्हणाल्या. “नळाची काळजी कुणाला आहे?”

त्यानंतर गाऱ्हाणं बदललं. आता एकेकाचं नाव घेतात, ज्याने त्याने आपलं उत्तर द्यायचं, आणि पहिलं नाव माझं. गॅस नंतर.

या जानेवारीत मला ताप होता, म्हणून मी गेले नाही. रविवारी सकाळी ओट्यापाशी औषध घेत उभी होते. फोन वाजला.

“टीचर आसा?” आप्पांचा गाऱ्हाण्याचा सूर.

“आप्पा, मी घरी आहे! दहिसरला!”

“ता माका म्हायत आसा. तू उत्तर दी. त्याबगर गाडी सुटाची नाय.”

सुरूच्या बनातला वारा तेवढा ऐकू येत होता. माझा घसा बसला होता. तरी होता नव्हता तेवढा आवाज काढून मी म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

पलीकडे इंजिन सुरू झालं.