खिडकीजवळचे वृद्ध, नग एक

वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांच्या घरात चार खुर्च्या होत्या आणि त्या चारही वेगवेगळ्या होत्या. एक वेताची, एक लोखंडी घडीची, एक शाळेच्या लिलावात मिळालेली, आणि चौथी कुठून आली हे कुणालाच आठवत नव्हतं. चोवीस वर्षं माणसं त्यांच्यावर बसत होती आणि उठत होती. यात काही गैर आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं ते नगरपालिकेच्या सर्वेक्षकाच्या, एका मंगळवारी सकाळी.

त्याने घराची लांबी-रुंदी, नळ, खिडक्या सगळं लिहून घेतलं आणि मग पेन थांबवलं.

"शैली?"

"कसली शैली?" निरीक्षकांनी विचारलं.

"घराची. रकाना अकरा."

"राहतं घर आहे."

"सगळे असंच सांगतात," सर्वेक्षक थकलेल्या आवाजात म्हणाला. "पण 'राहतं' ही शैली यादीत नाही."

त्याने यादी पुढे केली. अल्पसाहित्य, कारखानी, ग्रामीण-जीर्ण, सागरी, राजेशाही अशा एकूण सतरा शैली होत्या. यांतली कुठलीच नसेल तर जागेची नोंद गोदाम म्हणून होणार होती. आणि गोदामात माणसांना राहायला मनाई असते, हे निरीक्षकांना कुणी सांगायला नको होतं. साठ दिवसांची मुदत होती.

"त्यांना सांगा की," आतून निरीक्षकांच्या बायकोचा आवाज आला, "जागा दिसेल तिथे वस्तू ठेवणे, ही आमची शैली!"

निरीक्षकांनी तिला हातानेच गप्प केलं. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. दोन ग्रॅमसाठी त्यांनी लोकांना रडवलं होतं. छापलेल्या नियमात काहीतरी अर्थ असणारच, नाहीतर तो छापला कशाला असता, अशी त्यांची साधी श्रद्धा होती.

घरात तिसरं माणूस होतं ते निरीक्षकांचे वडील, अण्णा. वय एक्क्याऐंशी. पेशाने घड्याळजी. दुकान बंद केलं तेव्हा दुकानातलं टेबल तेवढं घरी आणलं होतं आणि उजेड मिळतो म्हणून खिडकीजवळ लावलं होतं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर कुणाचं तरी पोट उघडं पडलेलं घड्याळ, अशी त्यांची अकरा वर्षं गेली होती. मुलगा त्यांच्याशी रोज दोन वाक्यं बोलत असे. सकाळी "गोळी घेतली का?" आणि संध्याकाळी "दिवा लावू का?" दोन्हींना उत्तर "हो" असल्यामुळे संभाषण लांबत नसे.

नोंदणीकृत शैली सल्लागार बाई आल्या तेव्हा दारातच पाच मिनिटं न बोलता उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हं."

"तुमच्याकडे वस्तू आहेत," बाई म्हणाल्या.

"हो," निरीक्षकांनी कबूल केलं.

"अल्पसाहित्य करून टाकू. सगळ्यात सोपं. जे दिसतं ते काढायचं."

त्याप्रमाणे जे दिसत होतं ते काढलं. चारही खुर्च्या गेल्या. भिंती पांढऱ्या झाल्या, भिंतीला पांढरी कपाटं लागली, आणि कपाटांना कड्या नव्हत्या, कारण कडी दिसते. मीठ कुठल्या दारामागे आहे हे दाबून दाबून शोधेपर्यंत भाजी करपायची. बायकोने तीन दिवस सोसलं आणि चौथ्या दिवशी मिठाच्या दारावर काजळाचं बोट ओढलं. अण्णांचं टेबल न्हाणीघरासमोरच्या बोळात गेलं. तिथे उजेड नव्हता. अण्णा स्क्रू बोटांनी चाचपून बसवू लागले.

शैली अधिकारी तपासणीला आले, मध्यभागी उभे राहिले, आणि समाधानाने मान हलवणार तेवढ्यात त्यांची नजर बोळाकडे गेली.

"घरात माणसं किती?"

"तीन."

"खोल्या दोन. या शैलीत खोलीमागे एकच माणूस बसतं साहेब. तिसरं झालं की गर्दी."

"मग त्यांना कुठे ठेवू?" निरीक्षकांनी विचारलं.

बायकोने एकदम नवऱ्याकडे पाहिलं. निरीक्षकांच्या ते लक्षात आलं नाही. अधिकारी शांतपणे म्हणाले, "तो विषय आमच्या विभागाकडे येत नाही," आणि अर्जावर 'अपात्र' असा शिक्का मारला.

सल्लागार बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी कारखानी शैली सुचवली. त्यात माणसांची अट नव्हती, कारण कारखान्यात गर्दी चालते. गवंड्याने गिलावा खरवडला. आतून विटा निघायला हव्या होत्या, पण निघाले सिमेंटचे ठोकळे. म्हणून ठोकळ्यांवर विटांचं चित्र असलेला कागद चिकटवला. छताखालून जाड लोखंडी नळ फिरवले. ते कशालाच जोडलेले नव्हते. ते बसवताना खरा नळ मात्र फुटला. अशा रीतीने घरात अठरा फूट नळ डोक्यावर होता आणि स्वयंपाकघरात पाण्याचा थेंब नव्हता. बायको शेजारून बादल्या आणताना रोज त्या नळाखालून जायची आणि वर बघून त्याला काहीतरी म्हणायची. काय म्हणायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अधिकाऱ्यांनी भिंतीला नख लावलं. कागद टराटरा सुटला.

"बनावट," ते म्हणाले.

हा शब्द निरीक्षकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवला होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोसमोर तो ऐकताना त्यांचे कान तापले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मुदतीचे नऊ दिवस उरले होते.

सल्लागार बाई शेवटच्या वेळी आल्या तेव्हा अर्धा कागद लोंबत होता, गिलाव्याचे पोपडे पडत होते आणि कपाटावर काजळाचे डाग होते. बाईंचा चेहरा उजळला.

"याला हात लावू नका! हे झालंच आहे. ग्रामीण-जीर्ण. फक्त एखादी खरोखर जुनी वस्तू हवी, की सगळं जुळून येईल. त्या खुर्च्या कुठे गेल्या?"

"तुम्हीच काढायला लावल्यात," बायको म्हणाली.

बाईंनी ऐकलं नाही. त्या बोळात अण्णांसमोर उभ्या होत्या. अण्णांनी भिंगातून वर पाहिलं.

"हे किती जुने आहेत?"

"एक्क्याऐंशी," निरीक्षक म्हणाले.

"अस्सल?"

"मी एकतीस वर्षं बघतेय," बायको म्हणाली, "अस्सलच आहेत."

अण्णा पुन्हा खिडकीजवळ आले. उजेडात बसल्यावर त्यांनी दोन्ही तळहात टेबलावरून एकदा फिरवले, नीट, कडेपर्यंत. त्यांना एवढंच कळलं होतं की मुलाने आपली जागा परत दिली. त्या संध्याकाळी त्यांनी तीन घड्याळं चालू केली.

प्रमाणपत्र मिळालं. निरीक्षकांनी ते दारावर लावलं. सोबत परिशिष्ट होतं. त्यात, बाईंनी मागाहून आणवलेलं जातं आणि कंदील यांच्याखाली, अनुक्रमांक चारवर नोंद होती : 'वृद्ध, नग एक, खिडकीजवळ, कार्यमग्न.' अटी मागच्या बाजूला होत्या. सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत सदर नग हलवू नये. नगाच्या अंगावर कृत्रिम धाग्याचा कपडा असू नये. नगावर आधुनिक उपकरण दिसू नये.

पंधरा दिवसांनी अधिकारी अचानक आले आणि थेट अण्णांच्या कानाशी वाकले.

"हे काय?"

"ऐकायचं मशीन," निरीक्षक म्हणाले.

"काढावं लागेल."

अण्णांनी चिमटा खाली ठेवला. "साहेब, घड्याळ चालतंय की नाही हे मी कानाला लावून ओळखतो. टिकटिक कुठे अडखळते ते ऐकलं की दोष सापडतो. मशीन काढलं तर मी काय नुसता बघत बसू?"

"हो," अधिकारी म्हणाले. "तेच अपेक्षित आहे."

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. निरीक्षकांना दारावरचं प्रमाणपत्र दिसत होतं.

"दहा ते पाचच ना, अण्णा. घ्या चालवून."

अण्णांनी मशीन काढलं आणि खणात ठेवलं. नंतर बायको बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. अण्णांना ती अर्थातच ऐकू आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळ कुणी नव्हतं. हत्यारांची पेटी नव्हती. मशीनही नव्हतं.

"अहो, अण्णा कुठे गेले?" बायको ओरडली.

निरीक्षकांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वीस. दहा वाजायला चाळीस मिनिटं होती. हे आपण का पाहिलं, ते त्यांना पुढे कित्येक दिवस छळत राहिलं. पण त्या क्षणी त्यांनी पाहिलं ते घड्याळच.

नगरपालिकेत शैली विभागाच्या खिडकीवर कारकून नोंदवही चाळत होता.

"वस्तू हरवली की हलवली?"

"माझे वडील आहेत."

"अनुक्रमांक चार ना? त्यांनी स्वतः बदलीचा अर्ज दिलाय. काल पाचला दहा मिनिटं कमी असतानाच जागेवरून उठून आले होते, त्याबद्दल तुम्हाला वेगळी नोटीस येईल. काळजी करू नका, तुमची जागा भरून देतो. अतिरिक्त यादीत पुष्कळ आहेत."

"अतिरिक्त म्हणजे?"

"अल्पसाहित्यवाल्या घरांतून निघालेले," कारकून म्हणाला आणि वहीची पानं अंगठ्याने फरफर उडवून दाखवली. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन एक पिशवी घेऊन आले, चपला काढल्या, खिडकी कुठे आहे विचारलं आणि बसले. मोठे सभ्य गृहस्थ. दर तासाला विचारायचे, "असा बसलो तर चालेल ना? की थोडा तिरपा होऊ?" दुसऱ्यांदा विचारल्यावर बायको पदर डोळ्यांना लावून आत गेली.

अण्णांना नेमलं होतं एका दातांच्या डॉक्टरांच्या घरी. तिथली शैली संग्राहक होती. तिच्यात यंत्रं चालतात, आवाज चालतो, पसारा तर लागतोच. निरीक्षक गेले तेव्हा अण्णा कानाला मशीन लावून एक जुनं लंबकाचं घड्याळ ऐकत होते. त्यांनी हातानेच थांब म्हटलं. निरीक्षक जवळच्या स्टुलावर बसून थांबले.

"बोल," अण्णा म्हणाले.

"घरी चला."

"कशाला? सर्टिफिकेट जातंय का?"

"नाही. एक पोस्टमन आलेत. सर्टिफिकेट आहे."

"मग तर मिटलंच की."

सवयीने निरीक्षकांनी विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली. हा डॉक्टर विचारतो ना. झोप लागली का, गुडघा कसा आहे, काल काय दुरुस्त केलंत. रोज दोनदा. नगाच्या स्थितीचा अहवाल भरावा लागतो त्याला. लिहून घ्यायला विचारतो, हे काय मला कळत नाही? पण उत्तर ऐकून घेतो. अर्धवट उत्तर दिलं तर पुन्हा विचारतो."

निरीक्षकांनी लंबकाकडे बोट केलं. "याला काय झालंय?"

अण्णांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, भिंगाशिवाय. मग खुर्ची सरकवून जागा केली. "इकडे ये. कान लाव. तिसऱ्या ठोक्याला काय ऐकू येतं?"

तासाभराने निरीक्षक निघाले तेव्हा डॉक्टर दारात अहवाल भरत होते. त्यांनी लिहिलं होतं : 'नग आज बोलका.'

निरीक्षकांनी नगरपालिकेत नमुना बावीस मागितला. सुशोभन-वस्तू परत मागणीचा अर्ज. 'कारण' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'ते माझे वडील आहेत.'

कारकुनाने वाचलं आणि अर्ज परत सरकवला.

"हे कारण नाही साहेब. ही माहिती आहे."

"मग कारण काय लिहू?"

"ते आम्ही कसं सांगणार? बरेच जण 'शोभा' लिहितात. ते लगेच मंजूर होतं."

निरीक्षकांनी अर्ज घरी आणला. बायकोने वाचला आणि पेन शोधून दिलं. दोन दिवस तो रकाना कोरा होता. तिसऱ्या दिवशी ते कारकुनाच्या खिडकीवर गेले आणि अर्ज आत सरकवला. 'त्यांच्याशी बोलायचं राहून गेलंय,' असं त्यात लिहिलं होतं. कारकुनाने तो दोनदा वाचला, शिक्का मारला नाही, आणि मागच्या फळीवरच्या एका गठ्ठ्यावर ठेवला. गठ्ठा जवळजवळ छताला टेकला होता.

अर्ज विचाराधीन आहे. निरीक्षक रोज संध्याकाळी डॉक्टरांकडे जातात आणि स्टुलावर बसतात. त्यांच्या स्वतःच्या घरी त्याच वेळी एक तरुण बाई येते, पोस्टमनसाहेबांची सून. ती दारातून आत यायला लाजते. निरीक्षकांची बायको तिला आत बोलावून चहा देते.

नमुना बावीसच्या तळाशी बारीक टायपात एक सूचना आहे. सहसा ती कुणी वाचत नाही. 'सदर नमुना आपणांस लागू नाही असे ज्यांस वाटते त्यांनी, जागेवरून न उठता व कोणासही न विचारता, आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती या क्षणी कोठे बसलेली आहे ते खालील रेघेवर लिहावे.'

रेघ चांगली लांब आहे.