एकेचाळिसावी ओळ

नकाशा कचेरीत वीस वर्षं पेन्सिल चालवलेल्या माणसाने आपल्या मुलीला ‘आण इकडे, मी करून देतो’ असं म्हणायलाच नको होतं. पण रविवारची दुपार होती, जेवण अंगावर आलं होतं, खिडकीतलं ऊन टेबलावर येऊन पसरलं होतं, आणि अशा वेळी माणूस काहीही बोलून जातो.

मुलीचं घरातलं नाव ठकी. इयत्ता तिसरी. तिच्या शाळेत यंदा ती मोठी चाचणी होती, सगळ्या शाळांना एकच पेपर आणि तपासायला यंत्र. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार गोळे, बरोबर उत्तराचा गोळा पेन्सिलीने काळा करायचा. रेघ गोळ्याबाहेर गेली की यंत्र रुसतं म्हणे. सरावाची पहिली फेरी घरीच सोडवायची होती, पण गट तिच्यावरूनच पडणार होते. वीसच्या खाली गुण, तर शनिवारी दहाला जादा तास.

आणि शनिवारी दहालाच शाळेत ठकीचं मातीकाम असायचं! तिथे तिचा हत्ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. पोट झालं होतं, चारही पाय झाले होते, सोंड राहिली होती. माती एकदा वाळली की सोंड चिकटत नाही, हे तिने घरात प्रत्येकाला निदान दहा वेळा सांगितलं होतं.

“उत्तरं मी काढलीत, बाबा,” ती म्हणाली, “पण माझे गोळे बाहेर जातात.”

तिने वहीच्या पानावर उत्तरांची अक्षरं एकाखाली एक लिहून आणली होती. अ, ड, ब, ब, क... पुढे आकडे घालायचा तिला कंटाळा आला होता. (हा कंटाळा कोणाकडून आला, हे घरात विचारायची पद्धत नव्हती.)

“डोकं तुझं, हात माझा,” बाबा म्हणाले. “जा, खेळ तू.”

त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. डाव्या हाताचं बोट वहीतल्या अक्षरावर, उजव्या हातात पेन्सिल. पहिला गोळा असा उतरला की छापखान्याने लाजावं. दुसरा त्याहून सरस. अकरा गोळे झाले आणि वाऱ्याने शेजारच्या प्रश्नपत्रिकेचं पान उलटलं.

तिथे एक उतारा होता. नदीकाठी बांधलेल्या होडीचा दोर सुटतो आणि होडी एकटीच वाहत वळणाआड जाते. एवढंच. खाली प्रश्न बारावा होता, होडी कशामुळे सुटली? पण बाबांना तो प्रश्न पडलाच नाही. त्यांना पडला वेगळाच. होडी गेली कुठे?

वीस वर्षांत त्यांनी शंभर नद्या काढल्या होत्या, आणि प्रत्येक नदी कागदाच्या कडेशी येऊन थांबली होती. पुढचा कागद दुसऱ्या टेबलाचा. आता ती होडी कड ओलांडून हळूच पलीकडे गेली. तिथे अजून कोणी रेघ मारली नव्हती. पाणी संथ होतं, काठावरची झाडं पाण्यात डोकावत होती, आणि होडीत बाबा उताणे पडून ढग बघत होते. कचेरी नाही, साहेब नाही, पायात चपला नाहीत. किती बरं वाटत होतं!

“झोपलात का?” बायकोने चहाचा कप ठेवत विचारलं.

“छे गं, विचार करतोय.”

“तेच ते,” असं म्हणून ती गेली.

बाबा काठाला लागले. डावं बोट वहीतल्या बाराव्या अक्षरावर जसंच्या तसं होतं. पेन्सिल मात्र त्या प्रवासात एक ओळ खाली उतरून तेराव्या ओळीवर येऊन बसली होती. बाबांनी तिथूनच झोकात पुढे सुरुवात केली.

शेवटी मात्र गंमत झाली. गोळे संपले आणि वहीत एक अक्षर उरलं.

दुसऱ्या कोणी आकडे मोजून पाहिले असते. पण बाबांच्या हातून आजवर चूक झाली नव्हती (असं त्यांचं मत होतं), तेव्हा चूक छापणाऱ्यांचीच. त्यांनी कंपास काढला, चाळिसाव्या ओळीखाली चार सुबक गोळे काढले, पुढे ४१ असा आकडा घातला, उरलेल्या अक्षराचा गोळा काळा केला आणि खाली बारीक वळणदार अक्षरात लिहिलं : ‘टीप – मूळ कागदावर एक ओळ कमी छापली आहे. दुरुस्ती केली आहे.’

गुरुवारी निकाल लागला. चाळीसपैकी सोळा.

ठकी रडली नाही, ते जास्त वाईट होतं. ती नुसती म्हणाली, “सोंड राहिली.” रात्रभर बाबांना तो बिनसोंडेचा हत्ती दिसत राहिला. शुक्रवारी अर्धी रजा टाकून, वहीचं पान घेऊन ते शाळेत हजर झाले.

बाईंनी त्यांना ठकीच्याच बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकले.

“अकराव्या प्रश्नापर्यंत मूल उत्तम आहे हो,” बाई काळजीने म्हणाल्या. “बाराव्यापाशी ते कुठेतरी निघून जातं. घरी काही ताण आहे का?”

“बाई, ते मूल नाही. तो मी आहे.”

बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी शांतपणे ती एकेचाळिसावी ओळ पुढे सरकवली. “मग ही दुरुस्तीही तुमचीच?”

बाबांनी खाली पाहिलं. खरं सांगायचं तर त्यातही त्यांना वाटून गेलं, की गोळे झकास आलेत.

बाईंनी वहीवरून उत्तरं तपासली. चाळीसपैकी सदतीस! “मुलीचं काहीच चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण चूक तुमचीच, याला पुरावा हवा. कोरा कागद देते. माझ्यासमोर भरा.”

बाबांनी भरायला घेतलं. अकरा गोळे ठीक झाले. खिडकीबाहेर एक ढग चालला होता, थोडा होडीसारखा...

“अहो!” बाईंनी बाकावर टिचकी मारली. पेन्सिल तेराव्या ओळीवर होती.

बाईंनी कागद काढून घेतला. मग म्हणाल्या, “ठकीला मातीकामाला पाठवा. पण जादा तासाला सहा जणांची यादी वर गेलीय, आणि माझ्याकडे आता पाचच आहेत.”

शनिवारी दहा वाजता पलीकडच्या वर्गात हत्तीला सोंड लागली. अलीकडच्या वर्गात पाच मुलं आणि एक बाबा बसले होते. मातीकामाला जाण्याआधी ठकीने बाबांच्या पेन्सिलीला टोक काढून दिलं, पाण्याची बाटली बाकावर ठेवली आणि आपल्या दप्तरातली छोटी पट्टी त्यांच्या हातात दिली.

“ही ओळीखाली ठेवायची, बाबा,” ती समजावत म्हणाली. “एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची. घाबरू नका, पट्टी कशी वापरायची ते बाई शिकवतात.”