पावसात बॉल, उन्हात आगबोट

आमच्या जालन्यात चैत्र लागला की घागरभर पाण्यासाठी आडावर उभं राहावं लागतं. अशा गावातला एक माणूस दर वर्षी होळी झाली की बायकोला घेऊन समुद्रावर जायचा. मुंबईला आगबोटीत बसायचा, पार वेंगुर्ल्यापर्यंत जायचा, आणि वाटेत कुठल्याही बंदरात पाय न टेकवता त्याच बोटीने परत यायचा.

ते आमचे अण्णा. माझ्या मालकांचे सख्खे चुलते. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा अण्णा पन्नाशीच्या पुढे होते.

"उतरायचंच न्हाई तर जाता कशाला?" असं गल्लीतलं कोणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "जेवाया बसलेला माणूस ताटात उतरतो का? आगबोटीत बसाया गेल्तो, बसून आलो. बिलकुल बराबर."

अण्णा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते. जिन दिवाळीला सुरू व्हायचं आणि होळीला थांबायचं. तेवढेच महिने अण्णा इतर माणसांसारखे वागत. पुढे महिनाभर आगबोटीची तयारी, जाणं-येणं आणि तिचं वर्णन. आणि एकदा पाऊस पडला की बॉल.

हैदराबादला तेव्हा फुटबॉलचं फार वेड होतं. निळ्या सदऱ्यांची एक टीम होती, तिला अण्णा नुसतं "आपले निळे" म्हणत. पावसाळाभर त्यांचे सामने चालत. त्याला अण्णांचा शब्द होता मौसम. छपराचं गळकं कौल बदला म्हटलं, तरी उत्तर एकच, "मौसम चालू हे." एकदा नात्यातले कोणी मुलगी बघायला बरोबर चला म्हणून आले, तर त्यांनाही तेच सांगितलं. पाहुण्यांना वाटलं, लग्नसराईचा मौसम. ते खूश होऊन गेले.

निळ्यांचा खेळ अण्णांनी डोळ्यांनी एकदाच पाहिला होता. तोही गर्दी इतकी की पुढच्या माणसांच्या पगड्यांवरून बॉल उंच उडाला तेवढाच दिसला. "पण बॉल पाहिला. बराबर पाहिला," असं ते छातीवर हात ठेवून सांगत.

बाकी सगळी खबर गार्डाकडून. हैदराबादहून मनमाडला जाणारी गाडी सकाळी जालन्यात यायची. तिच्यावरच्या एका गार्डाशी अण्णांनी दोस्ती केली होती. निळे जिंकले असतील तर गार्डाने उजव्या हाताला रुमाल बांधून हात बाहेर काढायचा. म्हणजे गाडी थांबायच्या आत अण्णांना कळायचं, आणि गाडी उभी राहिली की मग सविस्तर. गोल कोणी मारला, चिखल किती होता, गोलकीपर हमीदभाई कुठल्या अंगावर पडला, सगळं. तिथून अण्णा तरातरा घरी येत आणि चुलीपाशी काकूंसमोर पाट ओढून बसत.

काकू म्हणजे अण्णांच्या मंडळी. कोकणातल्या, हर्णै बंदराजवळच्या. त्यांचे वडील रामनवमीला आमच्याकडच्या जांब समर्थला आले होते. तिथे देवळाच्या ओवरीत अण्णांच्या वडिलांची गाठ पडली आणि दोघांनी तिथेच पोरांचं लग्न ठरवून टाकलं. समुद्राकाठची मुलगी अशी मोगलाईत आली. इतकी वर्षं राहूनही काकूंची बोली कोकणातलीच राहिली. आमच्याकडचा एकच शब्द त्यांनी उचलला होता, "मंग". अण्णा सामना सांगू लागले की काकू भाकरी थापता थापता बरोबर जागेवर म्हणायच्या, "मंग?" तेवढ्यावर अण्णा पुढचा गोल सांगायचे. पीठ संपायचं, सामना संपायचा नाही.

एका वर्षी गार्डाच्या हाताला रुमाल दिसला आणि अण्णांनी गाडी थांबायची वाटसुद्धा पाहिली नाही. तसेच बाजारात गेले, बत्तासे घेतले आणि गल्लीभर वाटले. मी नवीनच आलेली. माझ्याही ओंजळीत मूठभर टाकले. संध्याकाळी मनमाडहून परतणाऱ्या गाडीवर कळलं की गार्डाचा हात कंदिलाच्या काचेने कापला होता, त्यावर फडकं बांधलं होतं. निळे तीन गोलांनी हरले होते.

अण्णा येऊन ओसरीवर बसले. मग उठून म्हणाले, "वाटलेला बत्तासा परत घेता येत न्हाई. निळे जिंकले."

आतून काकू म्हणाल्या, "हरले तर हरले म्हणावं हो. हरलेल्याला काय घरात घेत नाहीत?"

पण आमच्या गल्लीत तो सामना आजही जिंकलेलाच धरतात.

हमीदभाईचा गुडघा दुखावला त्या वर्षी तर कहर झाला. काकूंचे गुडघेही धरले होते. अण्णांनी वैद्याकडून तेल काढून आणलं, बाटलीतलं निम्मं काकूंना ठेवलं आणि निम्मं गार्डाबरोबर हैदराबादला धाडलं. तेल पोचलं की नाही ते ठाऊक नाही. गार्ड मात्र पुढे बराच चपळ झालेला दिसायचा, असं माझे मालक म्हणत.

सगळे हसत. मीही पदराआड हसत असे. पण घरात एक गोष्ट होती, तिच्यावर कोणी हसत नसे.

काकूंचे वडील श्रावणात वारले. जालन्याला तार आली. पावसात आगबोटी बंद असतात, घाटातला रस्ता खचलेला. अण्णा काकूंना घेऊन निघाले, मुंबईला धक्क्यावर चार दिवस बसले आणि परत फिरले. काकूंना बाप शेवटचा दिसला नाही, तेराव्यालाही जाता आलं नाही. काकूंचा एकच भाऊ, थोरला. त्याने सांगून पाठवलं, "बाप गेला तेव्हा आली नाही. आता मी न्यायला येईन तेव्हाच यायचं." काकूंनीही ते धरून ठेवलं. माहेरवाशीण न बोलावता जात नाही. माहेराहून मुराळी यावा लागतो, भाऊ नाहीतर भावाचा मुलगा, तो घेऊन जातो तेव्हा ती जाते. त्या दिवसापासून काकूंकडे मुराळी आला नव्हता. मी आले तेव्हा त्याला सोळा-सतरा वर्षं होऊन गेली होती.

नागपंचमीला गल्लीतल्या लेकी माहेरी येत, झोके बांधत. काकू त्या दिवशी दाराशी येत नसत. अण्णा मात्र त्याच दिवशी सगळ्यात मोठ्याने बॉलचं सांगत. मला वाटायचं, या माणसाला काही कळतं का? बायकोचा चेहरा उतरलेला आणि हे आपले समोरच्या गोलकीपरला कशी हुलकावणी देऊन गोल मारला ते पाटावर उठून पाय झाडून दाखवताहेत. चुलीतली राख उडायची. काकू म्हणायच्या, "मंग?"

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी निळे शेवटच्या सामन्यापर्यंत गेले. करंडक अगदी हाताशी आला होता. अण्णांना अन्न गोड लागेना. मला कधी हाक न मारणारे, मला म्हणाले, "सूनबाई, यंदा करंडक मिळाया पाहिजे. दर साली नुसतं हरल्याचं सांगाया सासुरवाडीच्या दारात कसं जावं?" मला त्याचा अर्थ लागला नाही. निळे आणि सासुरवाडी यांचा काय संबंध?

गाडी आली. गार्डाने दोन्ही हात बाहेर काढले होते. दोन्ही मोकळे. अण्णा गाडी निघून जाईपर्यंत फलाटावर उभे होते, असं मालकांनी येऊन सांगितलं. त्या दिवशी प्रथमच चुलीपाशी सामना झाला नाही.

पुढे होळी झाली. काकूंना गुडघ्यांमुळे आता जिना चढवत नव्हता, म्हणून सोबतीला मला घ्यायचं ठरलं. मी जाफराबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते. छोट्या लाईनीने मनमाड, तिथून मोठ्या लाईनीने मुंबई. सकाळी आगबोटीत बसलो. डेकवर आमची वळकटी पसरली. सगळीकडे पाणी पाहून मला रडू आलं, इतकं पाणी आणि एक घागर भरता येत नाही. अण्णा खलाशाला सांगत होते, "आमची नवी सवारी हे, संभाळा."

दुपार कलली तेव्हा काकूंनी केस सारखे केले, फणेरीपेटीतून कुंकू काढून लावलं आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. हर्णै आलं होतं. तिथे बोट काठाला लागत नाही, लांब खोल पाण्यात उभी राहते. काठावरून पडाव येतात, उतारू त्यात उतरतात. किनाऱ्यावर माड दिसत होते आणि एक पांढरं देऊळ. काकू डोळे लहान करून पाहत होत्या. अण्णा मात्र काठाकडे पाठ करून पेटीवर बसले.

पडाव बोटीला भिडला. माणसं, कोंबड्या, बोचकी वर येऊ लागली. सगळ्यात मागे एक म्हातारा बसला होता. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी. तो वर चढेना, सामान उतरवून घेईना, कोणाला हाक मारेना. नुसता वर पाहत होता. काकू खाली पाहत होत्या.

मी काकूंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "दादा. दर वर्षी येतो. पडावातून येतो आणि पडावातून परत जातो."

तेवढ्यात अण्णांनी एका खलाशाला धरलं आणि मोठ्याने सुरू केलं, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं. "काय सांगू तुला, यंदाचा मौसम! पहिला सामना जिंकलो. त्या महिन्यात आमच्या घरात बिलकुल तब्येत चांगली होती बरं का. दुसऱ्या सामन्याला पाऊस, आणि इकडं घरात ताप, पण आठ दिवसांत उतरला, काळजीचं काही न्हाई. हमीदभाईचा गुडघा सुधरला, पर आमच्या मंडळींचा न्हाई. तेल चालू हे. जिना काही चढवत न्हाई, म्हणून यंदा सूनबाईला आणलं..."

खलाशी हसून "हां अण्णा, हां" म्हणत होता. त्याला सवय असावी. मी खाली पाहिलं. म्हातारा कानामागे हात धरून ऐकत होता.

मग मला सगळं उलगडलं. मेहुण्याने बोलणं टाकलं होतं. जावयाने आपण होऊन कशी हाक मारावी? पण बॉलचं सांगायला कोणाची ना नव्हती. वर्षभराची खुशाली अण्णा अशी सामन्या-सामन्यात बांधून आणत आणि काठाकडे पाठ करून पाण्यावर सोडत.

शेवटच्या सामन्यापाशी अण्णा अडखळले. इकडचं तिकडचं काही बोलले, धोतराचा सोगा झटकला आणि गप्प झाले. पडावाचा तांडेल दोर सोडायला लागला.

तेव्हा खालून जाड आवाज आला. "मग करंडक कोणाकडे गेला?"

अण्णा पेटीवर ताठ झाले. इतक्या वर्षांत खालून पहिला शब्द आला होता. त्यांचे ओठ हलले. जिंकलो म्हणायचं त्यांच्या अगदी जिभेवर आलं असावं, बत्तासे वाटले होते त्या दिवसासारखं. पण हात पुन्हा धोतराच्या सोग्याकडे गेला.

काकूच कठड्यावरून वाकल्या. "हरलो रे दादा," त्या म्हणाल्या. "यंदाही हरलोच."

म्हाताऱ्याने काठी टेकली. मग दोर सोडणाऱ्या तांडेलाला त्याने हाताने थांबवलं आणि उभा राहिला. पडाव हलत होता, तोही हलत होता.

"मग वर कशाला उभी गो? ये खाली. न्यायला आलोय."

काकूंना शिडीवरून उतरवायला दोन खलाशी लागले. प्रत्येक पायरीला त्या "अगो बाई" म्हणत आणि प्रत्येक पायरीला म्हातारा खालून, "सावकाश, मी आहे ना." शेवटच्या पायरीवर त्याने काठी टाकून दोन्ही हात पुढे केले. अण्णांनी पेटी उघडली, तेलाची बाटली काढली, पंच्यात गुंडाळून दोराने खाली सोडली. "रोज दोन टाइम," ते म्हणाले. मेहुण्याकडे न पाहता म्हणाले, पण म्हणाले. "परवा बोट परत येती. तवर राहू द्या."

मुराळी आला म्हणजे नवऱ्याने बरोबर जायचं नसतं. अण्णा गेले नाहीत.

बोट निघाली. अण्णांनी प्रथमच काठाकडे तोंड केलं. पडाव लहान होत गेला, मग लाल पागोटं दिसेनासं झालं, तरी ते उभेच होते. नंतर येऊन वळकटीवर बसले. शेजारची काकूंची जागा त्यांनी हाताने झटकली आणि चादर सारखी केली.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुला बॉलचं काही समजतं का?"

मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मंग ऐक. पहिल्या सामन्यापासून सांगतो." त्यांनी सुरुवात केली. पाऊस, चिखल, हमीदभाई डावीकडे झेपावला. तिथे ते थांबले. सवयीने बाजूला पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. अण्णा समुद्राकडे पाहू लागले आणि पुढचं काही आठवेना असं त्यांचं तोंड झालं.

मी पदर सावरला, खाली पाहत म्हटलं, "मंग?"