नऊ फळ्यांची संमती

जुन्नरच्या पेठेत दुकान भाड्याने देताना लोक माणसाची पत पाहतात, जामीन मागतात. धोंडीआबा मात्र फळ्या लावावयास सांगत.

त्यांच्या दुकानास दार नव्हते. नऊ फळ्या होत्या. सायंकाळी त्या खोबणीत एकामागून एक सरकवून दुकान बंद करावयाचे. आबा त्याच इमारतीच्या मागल्या खोलीत एकटे राहत. बायको जाऊन वीस वर्षे झालेली, शेत वाट्याने दिलेले. भाडेकरू कसा, हे ते घोंगडीवर बसल्या बसल्या फळ्यांच्या आवाजावरून ठरवीत. "मानूस तोंडानं खोटं बोलंल, फळी न्हाई बोलायची," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

बारा वर्षे ते दुकान गुलाबचंदशेठांकडे होते. त्यांचा भाडेपट्टा मीच, कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाने, लिहिला. 'मालकाच्या लेखी संमतीवाचून सदरहू दुकान अन्य कोणाच्याही हवाली करू नये,' हे कलम मी इतके बळकट बांधले होते, की कचेरीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचले. पुढे घोडेगावी शेठजींच्या थोरल्या भावाची दृष्टी गेली. तिकडचे दुकान सांभाळण्यास दिवाळीपूर्वी जाणे शेठजींस भाग होते. इकडे पट्ट्याची मुदत तीन वर्षे बाकी. पट्टा दुसऱ्याच्या नावे करावा म्हटले, तर माझेच कलम वाटेत आडवे पडले.

पहिले आले लोणीचे एक तंबाखूवाले. त्यांनी फळ्या अशा आदळल्या, की समोरचा सोनार बाहेर आला. आतून आबा म्हणाले, "ह्यो तालमीतला गडी हाय. त्याला आखाडा दावा."

दुसरा मढचा हिरड्याचा व्यापारी, सखाराम. हलक्या हाताचा मनुष्य. त्याने नऊच्या नऊ फळ्या लोण्यात सुरी जावी तशा बसविल्या. आतून शब्द नाही, म्हणून मी जाऊन विचारले,

"आबा, आता काय उणे राहिले?"

"कायतरी ऱ्हायलं."

"अहो, नऊ फळ्या बसल्या!"

"राव, तुमी कागदं लिव्हा. फळ्यांतलं तुमास्नी काय कळतं?"

शेठजी कपाळाला हात लावून म्हणाले, "आता दहावी फळी कुठून आणू?"

तेव्हा मी सल्ला दिला, की शेठजींनी स्वतः एकदा दुकान बंद करावे आणि सखारामाने ते पाहावे. शेठजींनी आठ फळ्या लावल्या. नववी सरकविण्यापूर्वी सवयीने फटीशी तोंड नेऊन त्यांनी हाक दिली, "आबा, दिवा लावा. मी निघालो."

आतून तत्काळ उत्तर आले, "व्हय रं बाबा. जा संबाळून."

आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. "बारा वर्षं रोज म्हणतोय," शेठजी हळूच म्हणाले, "माझ्या ध्यानातही नाही."

अशा प्रसंगी अनुभवी अर्जनवीस डगमगत नाही. मी तेथेच दौत उघडली आणि 'नवीन भाडेकरूने दुकान बंद करतेसमयी मालकास दररोज एक हाक द्यावी' असे कलम लिहून आबांस मोठ्याने वाचून दाखविले.

आबा संतापले. "खोडा ते! कागदानं बांधून आणल्याली हाक मी काय करू? त्यापरीस कुत्रं पाळीन."

वीस वर्षांच्या धंद्यात पक्षकाराच्या सांगण्यावरून मी कधी कलम खोडले नव्हते, ते खोडले. संमतीपत्रावर अंगठा मात्र उमटला नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सखाराम पुन्हा फळ्या लावावयास उभा राहिला. आठ लागल्या. नववी हाती धरून तो घुटमळला. शेठजींनी माझी बाही घट्ट धरली.

"आबा," सखाराम फटीतून म्हणाला, "वारं लई सुटलंय. खिडकी लावून घ्या."

 आत घसा खाकरल्याचा आवाज आला.

"पाचवी तिरकी बसलीया तुजी. उद्या नीट लाव."

"उद्या म्हणाले!" शेठजी माझ्या कानाशी पुटपुटले.

मी शाई घेऊन आत गेलो, तेव्हा आबा खिडकी लावून, डावा अंगठा धोतराला पुसत बसले होते.