आभार मानायचे राहिले

कुंभेरी गावात मूल सात वर्षांचं झालं, की त्यानं ज्याचे आभार मानले असतील ते कायमचं त्या घरात राहतं, आणि बाकीचं नगरपालिका परत घेऊन जाते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लहानपणीच वळण लागलेलं बरं. शेजारच्या पालवांच्या मुलाकडून जिन्याचे आभार मानायचे राहिले, तेव्हा पालिकेची माणसं जिना घेऊन गेली. पालवांचे आजोबा त्या वेळी माडीवर होते. ते अजून माडीवरच आहेत, डबा दोरीनं चढवतात.

सुनेत्रा खांबेटेनं मात्र लेकीच्या बाबतीत कसर ठेवली नव्हती. मिथिला बोलायला लागल्यापासून तिनं तिला नळाचे, उंबरठ्याचे, किसणीचे, एवढंच काय, दाराच्या कडीचेसुद्धा आभार मानायला लावले. पोर गुणाची! सायकल आणली त्या दिवशी "थँक्यू बाबा" म्हणत गळ्यात पडली होती, म्हणजे त्यांचंही मार्गी लागलं होतं.

सातव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मिथिलाचे बाबा कामावर गेल्यावर, पालिकेचे घोसाळकर आले. चष्मा पुसून त्यांनी फाइल उघडली.

"वहिनी, सगळं चोख आहे. फक्त तुम्ही राहिलात."

"मी?" सुनेत्राला हसूच आलं.

"दोनदा प्रयत्न झालेला दिसतो. वेणी घातलीत तेव्हा, आणि तापात उशाशी बसलात तेव्हा. दोन्ही वेळा तुम्हीच अडवलंत."

खरंच होतं ते. 'आईचे कुणी आभार मानतं का गं? मी काय परकी आहे?' असं ती म्हणाली होती. तिची आईही तिला तेच म्हणायची. तेव्हा म्हणताना केवढं बरं वाटलं होतं!

"अहो, मग आत्ता म्हणेल की!"

"बारापर्यंत मुदत आहे. पण सांगून म्हणवलेलं चालत नाही. खूणही करायची नाही."

सुनेत्रानं शिरा केला. तूप सढळ हातानं घातलं, वर बेदाणे. मिथिलानं शेवटचा घास खाल्ला आणि आईकडे पाहिलं. सुनेत्राचा जीव कानांत गोळा झाला.

"शिऱ्या, तुझे आभार," मिथिला म्हणाली. मग आईच्या कानाशी येऊन कुजबुजली, "तुला पण म्हणणार होते. पण तू परकी नाहीस ना? माझ्या बरोबर लक्षात आहे."

सुनेत्राला हंबरडा फोडावासा वाटला. घोसाळकर दारातून टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होते. "शहाणी गं माझी बाय," एवढंच ती म्हणाली.

घड्याळात बाराचे ठोके पडू लागले. घोसाळकर तसे भले गृहस्थ. डोळ्यांतल्या पाण्यानं सुनेत्राला दिसेना झालंय हे ओळखून त्यांनी वाकून तिच्या चपला पुढे सरकवल्या.

"थँक्यू हं काका," मिथिला म्हणाली.

शेवटचा ठोका पडला. घोसाळकर वाकलेलेच राहिले. मग सावकाश सरळ झाले.

"आता मला निघता यायचं नाही," ते म्हणाले. त्यांनी फाइल सुनेत्राच्या हातात दिली. "तुम्हीच जमा करा. पालिकेत, दुसरी खिडकी."

मग पायातल्या चपला काढून ते घरात आले.

"दुपारी काय लागतं हिला?"

"वरणभात," सुनेत्रा म्हणाली. "भात जरा मऊ करा." आणि ती फाइल घेऊन निघाली.