अडीअडचणीचं कपाट

"चार वाजता रद्दीवाला येतोय. पॅसेजमधलं कपाट तेवढं रिकामं करून ठेवा," काकू दातांत टाचण्या धरून म्हणाल्या. तोंडात टाचण्या असताना काकू मोजकंच बोलत आणि ते सहसा बदलत नसत.

सावधानरावांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "त्यात माझी पुस्तकं आहेत."

"म्हणूनच रद्दीवाला येतोय. मला कापडाचे तागे ठेवायला जागा नाही."

सावधानराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण आता इमारतीत दुसरं कुणाला आठवत नव्हतं. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती. जळलेली घरं आणि बुडालेली दुकानं बघत फिरायचं, असं ते काम. त्यामुळे धडधाकट घर दिसलं तरी त्यांना त्याची काळजी वाटे. निवृत्त झाल्यावर त्यांनी अडीअडचणीला उपयोगी पडतील अशी पुस्तकं जमवायचा सपाटा लावला. भूकंप, आग, पूर, सर्पदंश, घरगुती वीज, नळदुरुस्ती, दोराच्या गाठी. त्यात शेळीपालनही होतं. "तिसऱ्या मजल्यावर शेळी कुठे ठेवणार आहात?" असं काकूंनी तेव्हा विचारलं होतं. "वेळ आली तर ठेवू," असं उत्तर मिळालं होतं.

गंमत म्हणजे यातलं एकही पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. घरात आलं की प्रत्येक पुस्तक जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, वरून चिकटपट्टीचे वेढे द्यायचे आणि कपाटात ठेवायचं. "अडचणीची पुस्तकं अडचणीत उघडायची असतात. आत्ताच वाचून टाकली तर वेळेला काय वाचणार?" हा त्यांचा युक्तिवाद होता आणि त्यात काय चुकतंय, हे काकूंना इतक्या वर्षांत नेमकं सांगता आलं नव्हतं.

"बरं, चारच्या आत एक तरी पुस्तक उपयोगी पडलं तर?" सावधानरावांनी विचारलं.

"तर राहू देत सगळी," काकू म्हणाल्या. तीन वाजत आले होते, म्हणजे शब्द द्यायला हरकत नव्हती. शिवाय त्यांना वाद घालायला वेळ नव्हता. हॉलभर जमिनीवर शाळेच्या नाटकाचं जंगल पसरलं होतं. झाडं, वेली, दोन झुडपं आणि एक सूर्य. कापडी पानं डिंकाने चिकटवलेली होती आणि ती वाळेपर्यंत पोशाख उचलायची सोय नव्हती. पाच वाजता नाटकाच्या बाई न्यायला येणार होत्या. काम पसंत पडलं तर शाळेचे वर्षभराचे कपडे काकूंकडे यायचे होते. त्यासाठी त्यांनी गेले कित्येक दिवस पाठ टेकली नव्हती.

सावधानराव घरात अडचण शोधत फिरले. वीज चालू होती. कुठे धूर नव्हता. शेजारच्यांना "सगळं ठीक ना?" असं विचारून आले, तर तेही ठणठणीत निघाले. अखेर स्वयंपाकघरात सिंकखालचा पाइप थेंबथेंब गळताना दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला.

नळदुरुस्तीचं पुस्तक घेऊन ते हॉलच्या दारात उभे राहिले. "अगं, जरा कात्री दे. प्लास्टिक कापायचंय."

काकूंनी मान वर केली. "माझ्या कात्रीने प्लास्टिक?"

"एवढंसं."

"ही कापडाची कात्री आहे. हिने मी कधी कागदसुद्धा कापला नाही. दातांनी तोडा."

दातांनी तोडायचं त्यांच्या जिवावर आलं. पुस्तक ओट्यावर ठेवून त्यांनी पाना घेतला, सिंकखाली डोकं घातलं आणि नट आवळायला घेतला. नट आवळला जात नाहीये असं वाटल्यावर त्यांनी तो दुसऱ्या बाजूला फिरवून पाहिला. पुढच्या क्षणी पाइप त्यांच्या हातात होता आणि पाणी त्यांच्या चष्म्यावर.

आता मात्र त्यांनी दातांनी प्लास्टिक फाडलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : काम सुरू करण्यापूर्वी मेन कॉक बंद करावा.

"अगं, आपला मेन कॉक कुठे आहे?"

"का?" असं विचारत काकू दारात आल्या आणि उत्तर त्यांच्या पायाशी वाहत आलं. त्यांनी प्लंबरला फोन लावला.

"कॉक पॅसेजमध्ये आहे, भिंतीत, खालच्या अंगाला," प्लंबर म्हणाला. "काकांनी त्याच्यापुढे कपाट ठेवलं तेव्हाच म्हटलं होतं मी, अडचण होईल. सरकवा कपाट. मी निघालोच."

कपाट दोघांनी मिळून ढकललं, पण ते जागचं हललं नाही. भूकंपापासून शेळ्यांपर्यंत सगळं आत ठासून भरलं होतं.

"रिकामं करा," काकू म्हणाल्या. "द्या इकडे एकेक."

सावधानराव भराभर पुस्तकं काढू लागले. काकू ती घेऊन वळल्या, पण ठेवणार कुठे? हॉलमध्ये जंगल वाळत होतं आणि पाणी पॅसेज ओलांडून हॉलच्या दाराकडे निघालं होतं. काकू खाली वाकल्या आणि त्यांनी हातातली पुस्तकं उंबरठ्यापाशी आडवी मांडली.

"अगं, पाण्यात ठेवतेस?" सावधानराव ओरडले. आयुष्यभर दुसऱ्यांची भिजलेली चीजवस्तू त्यांनी कोरड्या डोळ्यांनी पाहिली होती. स्वतःची पाहायची पहिलीच वेळ होती.

काकू खाली वाकलेल्याच होत्या. त्यांच्या बोटांना डिंक लागला होता आणि त्या बोटांनी त्या पाणी मागे सारत होत्या. सावधानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यापलीकडे पसरलेल्या सूर्याकडे. नंतर कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी उचललं.

"हे मधे लाव. पुराचं आहे," ते म्हणाले. "आणि कोपऱ्यात फट राहिलीय, तिथे शेळीपालन बसेल."

बांध उभा राहिला. पाणी त्याला येऊन लागलं, थोडं घुटमळलं आणि मागे फिरलं. रिकामं कपाट एका धक्क्यात सरकलं. सावधानरावांनी कॉक आवळला आणि स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात रद्दीवाला होता. जंगलापलीकडे रचलेली पुस्तकांची भिंत त्याने निरखून पाहिली.

"काकू, ओली रद्दी मी घेत नाही."

"रद्दी नाहीये ती," काकू म्हणाल्या. "घरात लागतात ती पुस्तकं."

सावधानरावांनी कधी नव्हे ते पाणी पुसायला स्वतःहून फडकं घेतलं.

प्लंबर आला, पाइप बसवून गेला. नाटकाच्या बाईंनी झाडं उलटीसुलटी करून पाहिली, सूर्य अंगाला लावून पाहिला आणि निघताना म्हणाल्या, "गणवेशाची मापं घ्यायला सोमवारपासून याल ना?" काकूंनी शांतपणे "येईन" म्हटलं आणि दार लावून झाल्यावर जमिनीवरच बसल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

सावधानराव शेजारी बसून एकेक पुस्तक पुसत होते. प्लास्टिकमुळे सगळी आतून कोरडीठाक होती. स्वयंपाकघरात पाण्यात पडलेलं नळदुरुस्तीचं तेवढं भिजून फुगलं होतं. "उघडलं तेच गेलं बघ," ते म्हणाले.

"अहो, अजून चार-पाच मागवा."

त्यांनी चमकून वर पाहिलं. "खरंच? कुठल्या विषयावरची?"

"विषय कुठलाही चालेल. जाड बघून घ्या. बाथरूमचं दार रुंद आहे."

सावधानराव "बरं" म्हणाले, पण त्यांचा हात मंदावला. काकूंना ते दिसलं. त्यांनी मशीनवरची कात्री उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"अगं, प्लास्टिक आहे हे."

"दिसतंय मला. शेळीचं उघडा," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्याबद्दल काय म्हटलंय, ते तरी कळू दे."