सासूबाईंची परडी

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी अल्थियाची एक मोठी परडी सासूला द्यायची राहिलीच होती. तिच्या लग्नाचा पांढरा शेला नवऱ्याच्या, म्हणजे डेलमरच्या, मामा-काकांनी मागावर बसून विणला, तेव्हा रिवाजाप्रमाणे बदल्यात परड्या देणं आलंच. सासू व्हायोला भेटली की खुशाली विचारायच्या आधी परडीचं विचारायची. शेवटी दोन वर्षं युक्काच्या झुडपाच्या चिवट पाती चिरून चिरून बोटं सोलवटून घेतली, तेव्हा कुठे ती विणून झाली. एका संध्याकाळी नेऊन द्यायचं ठरलं.

पण त्याच दिवशी गावात बायकांचा परड्यांचा नाच होता; त्यात गर्दीत वस्तू उधळायची रीत. नटूनथटून निघताना अल्थियाने नवऱ्याला बजावलं, "डेलमर, टेबलावरचं सगळं टबात भर आणि चौकात आणून ठेव."

डेलमर सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस. त्याने सगळं भरलं.

चौकात बायका गोल उभ्या राहून गात, झुलत होत्या. मधोमध मार्लीन मावशी टबातल्या वस्तू गर्दीत फेकत होती आणि बाप्ये त्यासाठी एकमेकांच्या उरावर बसत होते. पातेली गेली, बादल्या गेल्या. मग मावशीने परडी उचलली, सासूसाठी टेबलावर काढून ठेवलेली. नाचणाऱ्या अल्थियाने ती लगेच ओळखली. नाच सोडून धावायची काही सोय नव्हती. तिने डेलमरकडे असे डोळे वटारले, की तो हातातलं कलिंगड टाकून उठला.

मावशीने डावीकडे बघितलं आणि उजवीकडे फेकलं. डेलमर झेपावला, त्याच्यावर सहा जण पडले. धूळ खाली बसली तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची चाळणी होती आणि सदऱ्याला एकच बाही.

नाच संपल्यावर अल्थियाने विचारलं, "परडी कुणी नेली?"

"क्लिफर्डने."

"तुझ्या भावाने? मग माग की परत."

"मागितली. देत नाही. म्हणाला, आईसाठी जिंकलीय."

अल्थियाच्या जिवात जीव आला. "आईंसाठी? मग पोचलीच म्हणायची."

संध्याकाळी दोघं व्हायोलाकडे गेली. परडी भिंतीवर लागलीसुद्धा होती.

"बघ, माझ्या क्लिफर्डने आणलीय," व्हायोला म्हणाली. "बरगडी दुखावली बिचाऱ्याची, पण सोडली नाही. नाहीतर हा एक, चाळणी घेऊन आला."

"आई, ती मी विणलीय. तुमच्यासाठीच."

"ओळखलं गं. तुझा हात लपतो होय?"

"मग आता फिटलं ना?"

"ते कसं? ही लेकाने दिली. सुनेची यायचीय अजून." व्हायोलाने तिच्यापुढे मक्याची लापशी ठेवली. "नक्षी नीट बघून ठेव. अगदी अशीच हवी मला, जोडी दिसेल."

परडीच्या शेजारी तिने दुसरा खिळा ठोकूनही ठेवला होता.